रुखवतात मांडलेला कणा

आक्का, तुमच्या तेराव्याच्या पंगतीतच बायकांची जुंपली. पुढच्या महिन्यात आपल्या गल्लीत लग्न आहे, आणि रुखवतातलं तुमचं ताट आता कोण मांडणार, यावरून. शांताबाई म्हणाल्या, "मी किती बार बघितलंय करताना, मला बराबर येतं." त्यावर त्यांची जाऊ म्हणाली, "काय येतं? मागल्या लग्नात कण्याच्या टोकाला शेपूट करून ठिवल्तं तुम्ही." हातात बुंदीचं पातेलं घेऊन मी मधे उभी, आणि मला हसू आवरेना. भर तेराव्यात. तुमच्या भावानं लांबून डोळे वटारले. पण तुम्ही असतात तर आधी शांताबाईंची बाजू घेतली असती, कारण सुरुवातीच्या दिवसांत गर्भाला शेपूट असतंच, आणि मग दोघींचीही तोंडी परीक्षा घेतली असती.

कॉलेजवाल्यांनी श्रद्धांजलीसाठी तुमची माहिती मागवली आहे. जन्म कधीचा, शिक्षण कुठलं, आष्टीच्या कॉलेजात जीवशास्त्र किती वर्षं शिकवलं, ते सगळं तुमच्या भावानं लिहून दिलंय. असल्या कामात आमचे हे चोख. मी लिहितेय ते वेगळं. नणंद-भावजयीचं बोलणं कधी पुरं होतं का? तुमची स्कूटी दारात लागली की आपलं सुरू व्हायचं, जेवणापाशी तुटायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. तुम्ही लग्न केलं नाहीत, मी लग्न करून या घरात आले, आणि दोघींनी मिळून वाटूरच्या त्या एका स्वयंपाकघरात डोक्याचे केस पांढरे केले. भांडण्यासाठी माझ्याकडे आता फक्त तुमचे भाऊ उरलेत. त्यांना भांडता येत नाही, ते नुसते हो म्हणतात.

सगळ्यात मोठं बोलणं अर्धवट राहिलं ते मुक्ताचं. जालन्याच्या दवाखान्यात तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तरी तुम्ही माझा पदर ओढून विचारलंत, "झाली का?" माझ्या लेकीची पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली का, एवढंच तुम्हाला हवं होतं. पोटातल्या बाळाची पाठ नीट मिटली आहे की नाही, ते त्यात दिसणार होतं. मी म्हणाले, "तारीख पुढची आहे आक्का. तुम्ही बऱ्या व्हा, आपण दोघी जाऊ." तुम्ही मास्क वर उचलून म्हणालात, "माझं राहू दे. तिची तारीख अलीकडं घ्या म्हणावं." नर्सनं तुम्हाला दटावलं. तुम्हाला दटावणारी माणसं मी आयुष्यात फार कमी पाहिली. तारीख काही अलीकडे आली नाही, तुम्हीच अलीकडे निघून गेलात.

तुमचा जीव तिथं का अडकला होता, ते घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मुक्ताच्या आधी मला मुलगा झाला होता. मी या घरात नवी होते. परतूरच्या दवाखान्यात तो जन्मला, तेव्हा त्याची पाठ कमरेपाशी उघडी होती. थोडेच दिवस होता. तुम्ही रोज कॉलेजातून थेट दवाखान्यात यायचात आणि माझ्या पायथ्याशी बसून पाय चेपायचात. मोठी नणंद भावजयीचे पाय चेपतेय, हे बघून शेजारच्या खाटेवरच्या बायका डोळे मोठे करायच्या. तुम्हाला इतकं गप्प बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

वर्ष-सव्वा वर्षानं एका दुपारी मी पोळ्या करत होते. तुम्ही परातीतला कणकेचा गोळा उचललात, पोळपाटावर लांबट चपटा केलात आणि म्हणालात, "इकडं बघ. हे खरं तर तिळाएवढं असतंय, मी मोठं करून दावून राह्यले." मग बोटानं मधोमध एक पन्हळ ओढलीत. ही वरची कातडीच, म्हणालात. तिच्यातलाच मधला पट्टा जाड होतो, खाली दबतो, आणि त्याचे दोन्ही काठ वर उचलून एकमेकांकडे झुकतात. करंजीच्या कडा दाबतात तसे ते काठ तुम्ही चिमटीनं जुळवलेत. पहिली चिमूट मानेपाशी. तिथून काही डोक्याकडे, काही कमरेकडे. पन्हळीची नळी झाली. तिचा वरचा भाग फुगून मेंदू होतो, बाकीची नळी म्हणजे पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू. ती मिटली की वरून कातडी पुन्हा सलग होते, आत काय घडलं त्याचा बाहेर पत्ता नाही.

"म्हणजे मेंदू कातडीचा?" मी विचारलं.

"कातडीचाच. आत गेला म्हणून शाना झाला," तुम्ही म्हणालात, आणि मला हसू आलं. त्या वर्षात मी पहिल्यांदा हसले असेन. मग तुम्ही ते खालचं टोक न जुळवता तसंच ठेवलंत, आणि काही न सांगता मला कळलं. मी विचारलं, "ह्यात माझं काय चुकलं?"

"तुझं न्हाई चुकलं. कधी कधी चिमूट बसत न्हाई, अन् का बसली न्हाई ते मोठमोठ्या डॉक्टरांनाबी सांगता येत न्हाई. पण फॉलिक ॲसिडची गोळी असते. ती आधीपासून चालू असली तर चिमूट बसायला मदत होते. पाळी चुकल्यावर न्हाई, त्याच्या आधीपासून. बाईला दिवस गेल्याचं कळतंय, तवर हे सारं काम उरकत आलेलं असतंय."

परतूरच्या डॉक्टरबाईंकडे तुम्हीच मला घेऊन गेलात. त्यांनी माझ्यासाठी जास्त ताकदीची गोळी लिहून दिली, आणि ती मी गिळेपर्यंत तुम्ही रोज सकाळी कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहायचात. मुक्ता झाली तेव्हा नर्सच्या हातातून तुम्ही तिला घेतलीत, पालथी केलीत, आणि मानेपासून माकडहाडापर्यंत अंगठा फिरवलात. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरीचं तोंड तरी बघ आधी." तुम्ही म्हणालात, "तोंड काय, कुणाचंबी गोडच असतंय." मग खुर्चीत बसलात आणि तिला मांडीवर घेऊन इतक्या रडलात की नर्सनं मला विचारलं, आई कोण, तुम्ही की त्या?

त्या आनंदाच्या भरात तुम्हाला रुखवताचं सुचलं. आपल्याकडे नवरीकडच्या बायका काय काय मांडतात, सुपारीचे नवरानवरी, कुरडयांचं घर, लोकरीचे पोपट. तुम्ही त्या रांगेत एक स्टीलचं ताट ठेवायला लागलात. ताटात मिठाच्या कणकेचे लांबट गोळे ओळीनं: एक सपाट, एकाला पन्हळ, एकाचे काठ उचललेले, एकाची मानेपाशी चिमूट बसलेली आणि शेवटचा पुरता मिटलेला. शेजारी डॉक्टरबाईंना विचारून आणलेल्या गोळ्यांचं पाकीट, आणि वर चिठ्ठी, 'नवरीसाठी, आजपासून रोज एक.' मी म्हणाले, "आक्का, लग्नात असलं मांडतात का कुणी?" तुम्ही म्हणालात, "मंग कुठं मांडू, डोहाळजेवणात? तवर उशीर झालेला असतोय."

पहिलं ताट आष्टीला, तुमच्या विद्यार्थिनीच्या, संगीताच्या लग्नात. वरपक्ष रुखवत बघायला आला आणि नवरदेवाच्या मामांनी काठ उचललेला गोळा घेऊन सरळ तोंडात टाकला. त्यांना वाटलं नवीन तऱ्हेची करंजी. निम्मं मीठ, निम्मी कणीक. एवढ्या माणसांत थुंकता येईना, गिळवेना. तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "मामा, तुम्ही बाळाचा मेंदू खाऊन राह्यलात."

हसू उसळलं, पण तेवढ्यात वरमाईचं लक्ष पाकिटाकडे गेलं. "ही गोळी कशाची? पोरगी दुखणाईत हाय का? आमाला कुणी सांगितलं न्हाई." मला वाटलं, मोडलं लग्न, आणि ते आमच्या आक्कांनी मोडलं. तुम्ही वरमाईचा हात धरून तिला ताटापुढे बसवलंत. म्हणालात, "पोरगी ठणठणीत आहे. ही गोळी दुखण्याची न्हाई, तुमच्या नातवंडाच्या पाठीची आहे." आणि मामांनी खाल्लेला गोळा वगळून उरलेल्यांवर सगळं समजावून सांगितलंत, वर्गात सांगता तसंच, आवाज खाली न करता. बायका सरकत सरकत जवळ आल्या. पुरुष उगीच मांडवाच्या खांबांकडे बघत उभे. वरमाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आजून एक पाकीट द्या की. थोरल्या सुनेलाबी लागंल." तोवर मामा तांब्याभर पाणी पिऊन परत आले होते.

त्यानंतर ते ताट रूढच झालं. बँडवाल्याला सांगायच्या आधी बायका तुम्हाला सांगायला यायच्या. फाट्यावरच्या कापड दुकानाच्या मारवाडी शेठाणी स्वतः आल्या, त्यांच्या सपनाचं लग्न होतं. "आमच्यात रुखवत मांडत न्हाईत, पण आक्काचं ताट पाहिजे." तुम्ही तेव्हा इतक्या फुगलात की दोन दिवस माझ्याशी शुद्ध मराठीत बोलत होतात.

आणि मग सपनाच्या सासरी आपण गेलो, ते आठवलं की मला अजूनही पोट धरून हसायला येतं. जुन्या जालन्यातली ती अरुंद गल्ली, रिक्षा मधेच अडकली, आपण धान्याच्या पोत्यांमधून वाट काढत घर गाठलं. सपनाच्या सासूनं चहा दिला आणि मोठ्या कौतुकानं आपल्याला देवघरापाशी नेलं. बाळकृष्णाच्या शेजारी तुमचं ताट. वाळून खडखडीत झालेल्या गोळ्यांना हळदकुंकू, पाकिटावर झेंडूचं ताजं फूल.

"रोज पूजा करतो आम्ही, आक्का. एक दिवस चुकला न्हाई. बिलकुल."

तुम्ही म्हणालात, "अन् गोळ्या?"

"ह्या काय. एकबी कमी झाली न्हाई, मोजून बघा."

मी पदर तोंडात कोंबला. तुम्ही कपाळाला हात लावलात. "अहो, ते पुजायचं न्हाई, गिळायचं आहे." सपनाच्या सासूबाई जराही ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रसाद आहे, तर आधी बोलायचं ना. सपना, जल्दी पानी ला." आणि आपल्यासमोर, घंटी वाजवून, सपनानं पहिली गोळी घेतली.

परतीच्या एसटीत तुमचा पारा उतरेना. "मी शास्त्र सांगून राह्यले, अन् हे लोक त्याचा देव करून राह्यले. बंद करते ताट." मी म्हणाले, करू द्या की देव. पूजा रोज होते, चुकत नाही, असं त्यांनीच सांगितलं. मग त्या पूजेलाच गोळी बांधून टाका. दिवा लावला की गोळी घ्यायची, विसरायला जागाच नाही. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मी तुमच्या पेपरात कॉपी करताना सापडले. "म्हंजी मी आता भगतीण होऊ?" वाटूर येईपर्यंत आपण भांडलो आणि त्यानंतरही कित्येक वर्षं. तुमचं म्हणणं, माणसानं समजून गिळावं. माझं म्हणणं, आधी गिळावं, समज मागून येते. चिठ्ठीवर तुम्ही दिव्याचं कधी लिहिलं नाहीत. मी मात्र प्रत्येक नवरीच्या कानात सांगत राहिले, आणि तुम्हाला ते माहीत होतं. एकदा एक माहेरवाशीण तुमच्यासमोर म्हणाली, "दिवा लावला की गोळी, एक दिवस खाडा न्हाई आक्का." तुम्ही 'छान' म्हणालात आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेलात. हरल्याचं कबूल करायचं तुमचं राहूनच गेलं. आता राहू द्या, मी बरोबरी झाली असं धरते.

तसंच ते काळजाचं भांडण. मी म्हणायचे, पोटात आधी काळीज होत असणार. तुम्ही म्हणायचात, पन्हळ आधी दिसते, ठोका मागून. मी विचारलं, पण ती मिटायला लागते तेव्हा ठोका चालू असतो ना? तुम्ही नाइलाजानं म्हणालात, त्याच सुमाराला चालू होतो. "मग काळजाच्या तालावरच मिटत असेल," मी म्हणाले. "तू माझ्या वर्गात असतीस तर मी तुझा पेपर फाडला असता," तुम्ही म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते तालाचं वाक्य माझं नाव न घेता सांगून आलात. तुमच्याच एका विद्यार्थिनीनं मला सांगितलं.

मुक्ताच्या लग्नातलं ताट तुम्ही पहाटेपासून करत होतात. त्या वेळी तुम्ही ताटाच्या कडेला कणकेचे बारीक कण मुद्दाम पसरलेत. मुक्तानं विचारलं, हे सांडलेलं पुसू का? तुम्ही म्हणालात, राहू दे, काठ जुळतात तिथून काही पेशी अशाच सुट्या होऊन निघतात आणि लांब लांब जातात. कुणी चेहऱ्याची हाडं होतं, कुणी कातडीचा रंग, कुणी आतड्यातल्या नसा. "पार टोकाला जाऊन घर करतात बघ," एवढं बोलून तुम्ही पुन्हा कण पसरायला लागलात. पाठवणीला मी रडले त्याहून तुम्ही जास्त रडलात, पण तुमच्याकडे निदान पेशींचं कारण होतं. त्यानंतर रोज संध्याकाळी तुमचा तिला फोन, "गिळली का?" जावईबापू आधी दचकायचे. नंतर फोन वाजला की तेच ओरडायचे, "गिळली, आक्का."

परवा झाली सोनोग्राफी. मी मुक्ताबरोबर आत गेले. डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवत राहिल्या. तुम्ही असतात तर त्यांच्या हातातून यंत्र काढून घेतलं असतं. मग त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. मणके एकाखाली एक, सुईनं टाके घातल्यासारखे बारीक आणि सलग. "पाठ पूर्ण मिटलेली आहे," त्या म्हणाल्या, "आणि पाय बघा, दोन्ही कसे हलवतंय." माझा जीव भांड्यात पडला. मी मोठ्यानं हसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हळू." मला पहिल्यांदा कुणी आजी म्हणालं. बाहेर येऊन मी पेढे घेतले आणि रिक्षावाल्यापासून वाटत सुटले. सुतक नुकतंच फिटलेलं, लोक काय म्हणतील, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

रसवंतीवर बसलो तेव्हा मुक्ता म्हणाली, "आई, आक्कानं मला दादाचं सांगितल्तं." तिच्या त्या न पाहिलेल्या भावाला ती दादा म्हणाली. लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला जवळ बसवून सांगितलंत म्हणे, "मी वर्गात पोरींना ह्याच गोळीचं शिकवून राह्यल्ते, अन् घरात नवी भावजय आल्ती तिला सांगायला लाजले. तुझी आई मला एका शब्दानं बोलली न्हाई. बोलली असती तर मी मोकळी झाले असते."

मला तुमचा राग आला, आक्का. इतकी वर्षं हे पोटात घेऊन माझ्याशेजारी पोळ्या लाटल्यात, दिव्यावरून भांडलात, मामांच्या करंजीवर माझ्याबरोबर हसलात, आणि हे मला न सांगता माझ्या लेकीला सांगितलंत. मला वाटायचं, एवढी ताटं तुम्ही हट्टानं मांडता. तुम्ही माझी माफी मागत होतात, ते माझ्या कधी मनातही आलं नाही.

तर आता ऐका. तुम्हाला आडून बोललेलं कळत नाही, म्हणून सरळ सांगते. मी तुम्हाला बोलले नाही ते राग गिळून नाही, मन मोठं करूनही नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. त्या वेळी गोळी घेतली असती तरी चिमूट बसली असती की नाही, हे सांगता येत नाही, आणि हे मला कणकेचा गोळा हातात घेऊन तुम्हीच शिकवलंय. माझं बाळ तुमच्यामुळं गेलं नाही. मुक्ता मात्र तुमच्या त्या कमरेवर हात ठेवून उभं राहण्यामुळं आली, असं मी आजही मानते, तुम्ही पेपर फाडलात तरी. एवढं ऐकायला थोडं थांबायचं होतं, आक्का. गावातल्या प्रत्येक पोरीला वेळेच्या आधी गाठून सांगत राहिलात, आणि मी सांगायच्या आधी तुम्हीच निघून गेलात.